पावणेअकराचं कारंजं

१

चंद्रभान रोज सकाळी आठला सायकलवरून ग्रामविद्यापीठात येई, पान्ह्यांची पिशवी जिन्याखाली ठेवी आणि आधी गच्चीवर जाऊन टाकीत डोकावे. टाकी किती भरली हे बघितल्याशिवाय त्याचा दिवस सुरू होत नसे. ताडकळसच्या रस्त्याला लागून पसरलेल्या त्या विद्यापीठात जेवढे नळ होते, तेवढ्यांच्या खोडी त्याला तोंडपाठ होत्या. कुठला ठिबकतो, कुठला ओरडतो, वसतिगृहातली पोरं कुठली तोटी उघडी टाकून जातात, सगळं. आठ वर्षं तो हे काम करत होता, आणि आठही वर्षं रोजंदारीवरच होता.

त्याला कायम करायची फाईल कुलसचिव भुजंगराव दैठणकर यांच्या टेबलावर असे. साहेब दरवर्षी ती उघडत, हिरव्या शाईने 'पाहू' असं लिहीत आणि मिटून ठेवत. असे आठ 'पाहू' जमले. नववा लिहायच्या आत, चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, साहेब झोपेतच गेले.

आता या साहेबांचा एक नेम सांगायलाच हवा. साडेदहाला ते कचेरीत येत, चहा घेत, आणि पावणेअकराला पूर्वेकडची खिडकी उघडून तांब्याचा पेला हातात घेऊन उभे राहत. मग सुरू होई. आधी तीन वेळा खाकरणं, अगदी बेंबीच्या देठापासून. मग तोंडातली कवळी काढून मुठीत धरायची आणि मान मागे टाकून लांबलचक गुळण्या करायच्या. घुर्रर्र, घुर्रर्र. शेजारच्या खोलीतल्या टायपिस्ट बाईंचे हात थांबत. शेवटी खिडकीखाली फचकन. साहेब लवंग घालून जर्दा खात, त्यामुळे त्या गुळणीचा रंग कसा असे आणि वास कसा असे हे न सांगितलेलंच बरं. खिडकीखालच्या हातभर जागेत हरळीसुद्धा उगवत नसे.

ती जागा रोज अकराला बादलीभर पाणी मारून धुणं चंद्रभानच्या गळ्यात पडलं होतं. कुणी तसा हुकूम काढला नव्हता, पण पाणी त्याच्या ताब्यात, शिवाय त्याची वस्ती कुठली ते सगळ्यांना माहीत. बहात्तरच्या दुष्काळात लोक घागरी घेऊन टँकरमागे पळत होते, तेव्हाही ती बादली चुकली नाही.

आणि शोकसभेत काय व्हावं? एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, "मी समोरच्या वर्गातून रोज पाहत असे. बरोबर पावणेअकराला साहेब खिडकीत उभे राहून आपल्या विद्यापीठाकडे टक लावून बघत. त्यांचे डोळे पाण्याने भरलेले असत." भरणार नाहीत तर काय! एवढं खाकरल्यावर कुणाचेही भरतील. पण सभा गहिवरली आणि तिथल्या तिथे ठराव झाला. त्या खिडकीखाली, साहेबांची नजर जिथे पडे नेमक्या त्या जागेवर, त्यांच्या स्मरणार्थ कारंजं बांधायचं.

मागे दाराशी उभ्या असलेल्या चंद्रभानला आधी हसू फुटलं. मग तो तोंड दाबून बाहेर सटकला.

२

कारंजं बांधलं गोल, आठ फुटांचं, आत निळी फरशी, मधोमध पितळी तोटी, समोर संगमरवरी पाटी. कंत्राटदाराने एक शहाणपणा केला. गच्चीवरच्या नव्या टाकीच्या बुडाला भोक पाडलं तर ती गळेल, या भीतीने त्याने नळ टाकीच्या काठावरूनच आत सोडला आणि दुसरं टोक खाली कारंज्यात आणलं. शेतात डिझेलच्या पिंपातून रबरी नळी टाकून काढतात तसं. एकदा पाणी काठ ओलांडून आलं की झालं, मग आपसूक वाहतं. पण टाकी जरा उतरली की नळात हवा शिरायची, आणि मग खालून कुणीतरी ओढल्याशिवाय पाणी यायचं नाही.

ओढायचं म्हणजे तोंडाने. तोटी काढायची, नळाच्या तोंडाला तोंड लावायचं, हवा खेचायची, जीभ टेकवून भोक बंद करायचं, नाकाने श्वास सोडायचा, पुन्हा खेचायचं. वीस-पंचवीस वेळा.

"चंद्रभान, हे तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही," ओव्हरसियर बन्सीधरराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता, फक्त वरच्यांना फार भ्यायचा. "वर्षश्राद्धाला कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन आहे. त्या दिवशी कारंजं उडालं की तिथंच तुझ्या हातात कायमची ऑर्डर. मी स्वतः टाईप करून घेतलीय. फक्त सही राहिलीय."

"आन् न्हाई उडालं तर, साहेब?"

बन्सीधररावांनी हात हवेत उडवला. "मग नवे कुलसचिव येतील. ते पाहतील."

'पाहतील' हा शब्द ऐकताच चंद्रभानने पान्ह्यांची पिशवी उचलली.

३

पहिल्या दिवशी त्याने नळाला तोंड लावलं तेव्हा माघ उजाडला होता आणि लोखंड गार असायला हवं होतं. ते कोमट होतं. उन्हाने असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. पण सकाळपासून मळभ होतं, ऊन पडलंच नव्हतं.

त्याने ओढलं. लोखंडाची, गंजाची, जोडाला लावायच्या सफेद्याची चव त्याच्या नऊ वर्षांच्या ओळखीची होती. ही ती नव्हती. आधी लवंग लागली. मग जर्दा. आणि त्यांच्या खाली, रात्रभर मिटलेल्या म्हाताऱ्या तोंडाची ती आंबूस, शिळी चव. त्याच्या जिभेवर तवंगासारखं काहीतरी पसरलं. तो झटकन मागे सरला आणि फुलझाडांच्या वाफ्यात ओकला.

तरी माणूस कामाचा. त्याने गच्चीवर जाऊन टाकीचं पाणी ओंजळीने पिऊन पाहिलं. गोड, थंड, विहिरीचं. मग नळात ब्लिचिंग पावडर सोडली, लाल पोटॅश सोडलं, तीन दिवस नळ धुतला. नळाच्या आट्यांना गुंडाळलेला ताग कुजला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी पुन्हा तोंड लावलं. लवंग, जर्दा, तोंड.

तेविसाव्या ओढीला पाणी आलं आणि कारंजं उडालं. बन्सीधररावांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभान जिन्याखाली जाऊन राखेने दात घासत बसला. हिरड्यांतून रक्त येईस्तोवर घासलं.

४

कारंजं दिवसभर नीट चाले. फक्त पावणेअकराला थांबे.

आधी थेंब थेंब. मग नळातून कोरडा आवाज येई, तीनदा, थांबून थांबून. मग लांब घुर्रर्र. मग तोटीतून एक दाट, पिवळट गोळा वर येई, काठावर लोंबकळे आणि निळ्या फरशीवर पडे. फचकन. त्यानंतर नळ मुका. पुन्हा तोंडाने ओढल्याशिवाय चालत नसे.

हवेचा बुडबुडा अडकतो, चंद्रभान स्वतःला सांगे. त्या वेळी वसतिगृहातले नळ उघडतात, टाकी उतरते, हवा शिरते. सरळ हिशेब आहे. मग एके दिवशी त्याने साऱ्या इमारतींचे कॉक बंद केले, टाकी काठोकाठ भरली आणि कारंज्याजवळ उभा राहिला. पोर्चमधलं घड्याळ पावणेअकरावर आलं. नळ खाकरला.

त्याने सितारामला बोलावलं. सिताराम दैठणकर साहेबांचा शिपाई, साहेबांची कवळी रोज संध्याकाळी ब्रशने घासायचा. म्हातारा कठड्याशी वाकला, नाक पुढे केलं आणि तसाच राहिला.

"कसला वास हाय, मामा?"

सितारामने धोतराच्या सोग्याने नाक पुसलं. "तुला कसला यायलाय?"

"तुमी सांगा की."

"मला काय बी यायलं न्हाई." तो मागे सरकला. "अन् आला तर मी काय करू, बाबा? मी तर लय खूश होतो, ती कवळी घासायची सुटली म्हणून. तू त्या नळाला तोंड लावू नको, चंद्रभान."

"न लावून कसं? ऑर्डर हाय माझी."

सिताराम खिडकीकडे बघत होता. खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर, साहेब असतानापासून, जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक पोचे पडलेला ग्लास उपडा ठेवलेला असे. कचेरीतल्या माठापाशी सगळ्यांसाठी दोन स्टीलचे ग्लास, आणि चंद्रभानसाठी खिडकीतला हा. कायद्याने असलं सगळं केव्हाच बंद झालं होतं, म्हणून तोंडाने कुणी काही म्हणत नसे. ग्लास तेवढा तिथे असे. प्यायचं, विसळायचं, उपडा ठेवायचा.

५

हा ग्लास कुसुमनेही एकदा पाहिला होता. कुसुम त्याची बायको. भाकरी विसरली म्हणून द्यायला आली होती, तेव्हा तिने त्याला त्यातून पाणी पिताना पाहिलं. तो घरी आल्यावर तिने आपण पीत असलेला तांब्या तसाच उष्टा त्याच्या हातात दिला होता आणि म्हणाली होती, "ज्या दिशी कायम व्हताल, त्या दिशी तो गिलास पायाखाली घ्या. मग घरी या."

तेव्हापासून त्यांच्या घरात एकच तांब्या. तिने प्यावं, त्याने प्यावं. छप्पनच्या पाठोपाठ त्यांच्या आईबापांनी परभणीच्या मैदानात धम्मदीक्षा घेतली, तेव्हा काय सुटलं आणि काय मिळालं हे ती कधी भाषणासारखं सांगत नसे. तो तांब्या मात्र पुढे करी.

आता चंद्रभान जेवताना मध्येच थांबू लागला. घास तोंडात फिरवायचा, पण गिळवायचा नाही.

"अवो, काय व्हायलंय तुमाला?" कुसुमने विचारलं.

"तोंडाला चव न्हाई."

"दवाखान्यात दाखवा."

"उद्घाटन होऊ दे." त्याने ताट सरकवलं. "एवढ्यापायी नऊ वर्सं गेली, कुसुम. आता आठ दिस राहिलेत. मी काय बी खाईन, पर ती ऑर्डर आणीन."

आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच कळलं आणि त्याला उमासा आला.

६

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पावणेअकराला कारंजं नेहमीप्रमाणे खाकरलं, पण शेवटचं फचकन झालं नाही. जे यायचं ते नळातच अडकलं होतं.

चंद्रभानने तोटी उतरवली. ऊन थेट नळात पडत होतं. आत ओलं, चमकदार काहीतरी दिसलं आणि मागे गेल्यासारखं वाटलं. शेवाळ, त्याने म्हटलं. त्याने बाही वर सारली आणि तर्जनी आत घातली.

पहिल्या पेरापर्यंत लोखंड होतं. आट्याच्या कडा बोटाला टोचल्या. दुसऱ्या पेराशी लोखंड संपलं.

पुढे ऊब होती. मऊ, ओली, किंचित खरखरीत. वरच्या बाजूला बोटाला वळ्या लागल्या, आपल्याच टाळूला जीभ लावल्यावर लागतात तशा. दोन्ही बाजूंना गुळगुळीत, टणक, बिनदाताचं काहीतरी होतं. चंद्रभान बोट काढायचं विसरून उभा राहिला. मग ते दोन्हीकडून अलगद मिटलं. चावलं नाही. वासरू बोट चोखतं तसं चोखलं.

त्याने हात हिसडून काढला आणि मागच्या मागे फरशीवर बसला. तर्जनीवरून पिवळा, चिकट धागा लोंबत होता आणि तो तुटता तुटत नव्हता. लवंगेचा वास एवढा दाट आला की त्याचे डोळे भरून आले.

'रबराचा वायसर असेल,' त्याच्यातला फिटर म्हणाला. 'पाणी लागून फुगला असेल.' पण त्या जोडात वायसर घातलेला नव्हता. तो जोड त्याने स्वतःच्या हाताने केला होता.

७

दुसऱ्या दिवशी मांडव, सतरंज्या, साहेबांच्या हार घातलेल्या फोटोपुढे उदबत्त्या. बायकांच्या बाजूला कुसुम नवं लुगडं नेसून आली होती. मुद्दाम बोलावलं होतं तिला, ऑर्डर हातात घेताना पाहायला.

भाषणं लांबली. सकाळभर चालू ठेवलेलं कारंजं बन्सीधररावांनी कॉक फिरवून बंद केलं होतं, कुलगुरूंनी फक्त तो उघडायचा. चंद्रभान मात्र घड्याळाकडे बघत होता. काटा सरकत होता आणि सत्काराचे हार संपत नव्हते. बरोबर पावणेअकराला कुलगुरूंनी कॉक फिरवला.

नळ तीनदा खाकरला. पुढच्या रांगेतले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग घुर्रर्र. मग काहीच नाही.

बन्सीधररावांच्या शर्टाच्या खिशातून खाकी लिफाफ्याचं टोक दिसत होतं. ते चंद्रभानच्या कानाशी आले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "ओढ," ते म्हणाले. "पाया पडतो तुझ्या, लवकर ओढ."

चंद्रभान चपला काढून कारंज्यात उतरला. गुडघे टेकले, तोटी काढली. पाचशे माणसं बघत होती. त्याने एकदाच कुसुमकडे पाहिलं. ती मान ताठ करून उभी होती. तिला फक्त नवरा दिसत होता, त्याचं काम दिसत होतं.

त्याने डोळे मिटले आणि तोंड लावलं.

ओठांना ओठ लागले.

त्याने ओढलं. एकदा, दोनदा, सातदा. जीभ टेकवायची, श्वास सोडायचा. जीभ टेकवली की पलीकडूनही काहीतरी टेकत होतं. नवव्या ओढीला नळातला तो अडकलेला गोळा निघाला. पाणी नव्हतं ते. तो कोमट होता, दाट होता, आणि जिभेवरून स्वतःहून आत सरकत होता. चंद्रभानने मान वर केली. गाल फुगलेले, डोळ्यांतून पाणी. समोर साहेबांचा हार घातलेला फोटो, समोर कुलगुरू, समोर पाचशे माणसं. ज्या जागेवर भुजंगराव दैठणकर वर्षानुवर्षं रोज थुंकले, त्या जागेवर चंद्रभानला आज एकदा थुंकता येत नव्हतं. स्मारकावर थुंकलेल्या माणसाला कोण कायम करील?

त्याने गिळलं.

घशातून ते उतरायला वेळ लागला. मग नळातून स्वच्छ, शुभ्र पाणी दोन पुरुष उंच उडालं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शोकसभेतले ते प्राध्यापक डोळे पुसत होते.

८

ऑर्डर मिळाली. शिक्का, सही, तारीख, सगळं रीतसर. लिफाफा खिशात घालून चंद्रभान आधी खिडकीपाशी गेला, जर्मनचा ग्लास खाली घेतला आणि टाचेखाली चिरडला. सितारामने ते पाहिलं आणि मान फिरवली.

त्या दिवसापासून कारंजं कधी अडलं नाही. पावणेअकरा येत, जात. नळ खाकरत नाही, वास नाही, गोळा नाही. पाणी इतकं नितळ की चिमण्या काठावर बसून पितात. बन्सीधरराव आल्यागेल्याला सांगतात, आमच्या चंद्रभानचा हातगुण.

त्या संध्याकाळी कुसुमने गोडाचं केलं होतं. तो मोरीवर तोंड धुवायला गेला. ती चुलीपुढून ऐकत होती. आधी त्याने तीनदा खाकरलं. तिने मान वर केली. लग्नाच्या सोळा वर्षांत तिने नवऱ्याचा असा आवाज ऐकला नव्हता. मग लांब गुळणी सुरू झाली आणि संपेचना. घरात लवंग नव्हती. ती आणायची त्यांची ऐपतच नव्हती. तरी मोरीकडून वास आला.

तो येऊन पाटावर बसला आणि हसला. तिने तांब्या पुढे केला. तो पिऊ लागला. पिऊन झाल्यावर त्याने तो तिच्याकडे दिला. तिने हातात घेतला, आत पाहिलं, आणि तांब्या तसाच जमिनीवर ठेवला.

"पी की," तो म्हणाला.

"तहान न्हाई," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने तांब्याला तोंड लावलं नाही. पुढेही कधी नाही. ती त्याच्याशी पूर्वीसारखीच बोले, भाकरी वाढी, अंथरूण घाली. फक्त वाढताना श्वास धरून ठेवी. त्याला ते कळे आणि तिचा राग येत नसे. स्वतःच्या तोंडाची शिसारी त्याला तिच्याहून जास्त होती.

कायम झाल्यावरचा पहिला पगार झाला, तेव्हा कुसुमने बाजारातून स्टीलचा एक नवा ग्लास आणला. चांगला जड, काठावर वेलबुट्टी. त्यावर चंद्रभानचं नाव घालून घेतलं होतं. कामावरून येऊन त्याने पाणी मागितलं. कुसुम माठाजवळ होती, तिने नुसता हात केला.

ग्लास खिडकीत होता. उपडा.

चंद्रभान खिडकीपाशी गेला. कुसुमच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती जागची हलली नाही. त्याने ग्लास उचलला, तिने वरून पाणी ओतलं. तो प्यायला. मग त्याने ग्लास स्वतःच विसळला आणि पुन्हा खिडकीत उपडा ठेवला.